लाल रेघेची गोळी

बाईच्या तळहातावर गोळी तुम्ही ठेवलीत. ती कशासाठी ठेवली, हे सांगायला मात्र तुमची जीभ उचलली नाही. दवाखान्यातलं टेबल तुमचं, शिक्का तुमचा, खिडकी तुमची, खिडकीतली कात्रीही तुमचीच. आणि वर पुन्हा तुम्हीच म्हणायला मोकळे, की खेड्यातली माणसं अडाणी, सांगितलेलं ऐकत नाहीत. सांगितलं कधी होतं? थडी बोरखेडच्या भुजंगला तुम्ही जे सांगितलं, ते एका श्वासात म्हणून संपतं. ऐका.

दिवाळीच्या तोंडावर भुजंग बायकोला घेऊन दवाखान्यात गेला होता. नर्मदाबाईला साखरेची बिमारी लागून सात वर्षं झालेली. गोळ्या आणायच्या आणि रात्रीच्या जेवणावर घ्यायच्या, एवढं ती देवाला दिवा लावावा तसं न चुकता करायची. या खेपेला डॉक्टरनं कागदावर एक ओळ वाढवली.

"ही एक आणखी. चरबीची. साखरेच्या गोळीबरोबरच घ्यायची."

नर्मदाबाईनं स्वतःच्या हाताकडं बघितलं. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. "सायेब, माज्या अंगावर चरबी कुटं हाय? हाडं तेवढी हायेत, मोजून घ्या."

रांगेतली माणसं हसली. डॉक्टरही हसला. नर्मदाबाईनं पदर ओढून हात झाकून घेतले.

भुजंगनं धीर केला. "पर सायेब, रगताच्या कागदात चरबी बराबर हाय मनलात की आत्ताच."

"बरोबरच आहे. शुगरवाल्यांना तरी द्यावी लागते. चला, पुढचा कोण?"

झालं. एवढंच. रांगेत मागं शंभर माणसं, डॉक्टर एक. ते गावालाही कळत होतं. कुणी भांडलं नाही.

खिडकीवर माल कमी आलेला. खिडकीतला माणूस चरबीच्या गोळ्यांच्या पट्ट्या उभ्या कापत होता. अर्धी ह्याला, अर्धी त्याला. नर्मदाबाईच्या वाट्याला उजव्या बाजूचे तुकडे आले. साखरेच्या गोळ्यांच्या पट्ट्या अख्ख्या मिळाल्या. कापलेली कुठली आणि अख्खी कुठली, हे मात्र खिडकीतून कुणी सांगितलं नाही. मागच्या महिन्यात साखरेची गोळी गुलाबी होती. ह्या खेपेला दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल, दोन्ही बारक्या. भुजंगनं सगळं फडक्यात बांधलं आणि दोघं गावाकडच्या बसला आले.

---

भुजंगला गावात फवारणीवाला म्हणून ओळखायचे. तीस वर्षं त्यानं पाठीवर पंप घेऊन लोकांच्या कापसावर औषधं मारली. इंग्रजी त्याला येत नव्हतं. मराठीही अडखळत वाचायचा. पण बाटलीवरचा रंग बघून औषधाचा जोर सांगायचा. हिरवा असला तर साधं. निळा असला तर बेतानं. पिवळा असला तर तोंडाला फडकं बांधून. आणि लाल असला तर वारा पाठीशी घेतल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही, बिडी शिलगवायची नाही, अंघोळ केल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. लाल न ओळखणारी माणसं त्यानं बांधावर तडफडताना बघितली होती. ह्या रंगांनीच आपल्याला आजवर जगवलं, अशी त्याची खातरी होती.

कार्तिकात दुसरी वेचणी आली. रानं पांढरी झाली. थडी बोरखेडात चार घरांची सावड होती. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. अंगानं घेतलेलं अंगानंच फेडायचं. ज्या घरानं चार दिवस वेचून दिलं, त्याच्या रानात आपली बाई चार दिवस वाकलीच पाहिजे. न वाकली तर पुढच्या वर्षी सावडीतून घर बाहेर. तानुबाई, कडूबाई आणि शांतम्मा आधी नर्मदाबाईच्या रानात राबून गेल्या होत्या. आता फेडायची पाळी हिची.

पहिल्याच दिवशी नर्मदाबाई मागं पडली. बाकीच्या बायांच्या ओट्या भरून टम्म झाल्या, हिची अर्धी. आपल्या वाट्याची ओळ, ती पात, सोडून ती दोनदा बांधावर बसली.

"नर्मदाक्का, पात धरून चला की!" तानुबाई पुढून ओरडली. "का पाटलीनबाईवानी हवा खायला आलाव?"

"मांड्या भरून यायल्यात गं. कुनी आतून पिळायलंय असं व्हायलंय."

"आमच्या काय लोखंडाच्या हायेत? तुमच्या रानात आमी वाकलो तवा आमच्या मांड्या न्हाई भरल्या."

कडूबाई हळूच हसली. नर्मदाबाई उठली. कापसाच्या पऱ्हाटीला धरून उठावं लागलं, हे भुजंगनं गाठोडी बांधता बांधता बघितलं. तीस वर्षांत ही बाई कशाला धरून उठलेली त्यानं बघितली नव्हती.

सांजच्याला तो चहापत्ती आणायला सांबप्पाच्या दुकानात गेला. सांबप्पालाही साखर. त्यानं नुसतं "नवी गोळी" एवढं ऐकलं आणि तराजू खाली ठेवला.

"चरबीची? जेवनावर घ्यायची? सोड रे बाबा ती. मांस खाती ती आतून. माज्या साडूच्या मांड्याचं पानी झालं. मलाबी दिल्ती. मी फेकली. सा महिने झाले, बग, हाय का न्हाई ठनठनीत?" आणि गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणाला, "खोटं बोलत असंल तर हे बगंल."

सांबप्पा लिंगाला हात लावून खोटं बोलत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तो खोटं बोलतही नव्हता. त्याला जेवढं दिसलं तेवढं तो सांगत होता.

"पर आप्पा, न घिऊन काळजाला काय झालं तर?"

"काळीज दुकल की आदी. दुकलं की घी."

भुजंग चहापत्ती घेऊन निघाला, पण पाय घराकडं पडेनात. काळीज आधी दुखत नाही, हे त्याला माहीत होतं. नर्मदाबाईचा भाऊ सूर्यभान, येलदरीकडं राहायचा. त्यालाही साखर. हरभऱ्याला पाणी देता देता "जरा बसतो" म्हणाला आणि बांधाला टेकला. छातीत कळ नाही, ओरडणं नाही. नुसता घाम. माणसं पोचेपर्यंत नळी तशीच वाहत होती, आणि त्याच्या मांडीवरून पाणी चाललं होतं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं होतं, "चरबीची गोळी चालू होती का? साखरवाल्याचं काळीज मुक्यानं जातं." त्याला ती गोळी कुणी दिलीच नव्हती.

म्हणजे घेतली तर पाय जातात आणि नाही घेतली तर माणूस. ह्यातलं खरं काय, हे कुणाला विचारावं? रोजच्या रस्त्यावर, अजून उजेड असताना, भुजंगला अंधारात चालल्यासारखं वाटलं.

---

घरी दोघं जेवायला बसली. मुलगा बालाजी मानवतला कापसाच्या जिनिंगवर कामाला, घरात दोघंच. भुजंगनं सांबप्पाचं बोलणं सांगितलं.

"मला एक सांग. रानात कीड दिसंना तर मी फवारा मारतो का? न्हाई. तुज्या कागदात चरबी बराबर हाय. मंग हे औषध कामून?"

नर्मदाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "तुमीच तर लोकायला मनता, अळी दिसल्यावर मारून काय उपेग, बोंड आतून गेलेलं आसतंय."

भुजंगनं ताटातली भाकरी कुस्करली.

"सूर्यभानदादाचं काय दिसलं व्हतं?" ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मला भ्याव वाटायलंय वो. मी बी अशीच कुटंतरी टेकंन आन् उटायचीच न्हाई."

"आन् पाय गेले तर? सावड कोन फेडनार? तानुबाई उद्या सगळ्या गावात सांगंल."

"पाय गेले तर बसून खाईन. जीव गेला तर?"

"बसून खायला देनार कोन तुला? मी? मी किती दिस पंप उचलनार?" तो चिडून बोलला, आणि मग त्यालाच वाईट वाटलं. "आगं, कायमची न्हाई सोडायची. पंदरा दिस. सावड फिटंपर्यंत. वेचनी झाली की पुन्ना चालू."

तिनं मोडलेला तुकडा ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "तुमच्या मनानं करा. मला त्यातलं कळत न्हाई."

भुजंगनं कोनाड्यातला डबा काढला. पट्ट्या जमिनीवर मांडल्या. दोन्ही गोळ्या पांढऱ्या, दोन्ही गोल. नावं इंग्रजीत. आता ह्यातली मांस खाणारी कुठली? त्यानं पट्टी बल्बाच्या उजेडात धरली. उलटी केली. वास घेतला. वास नव्हता. मग एका पट्टीच्या डाव्या कडेला, वरून खालपर्यंत, त्याला लाल रेघ दिसली. दुसरीच्या तुकड्यांवर रेघ नव्हती. त्यानं एकूण एक तुकडा बघितला. एकावरही नाही.

त्याचा जीव भांड्यात पडला.

"सापडली. ही बग. लाल हाय. जहाल औषध हाय हे. साखरेची साधी आसती, सात वर्सं घ्यायलीस, काय झालं का तुला? हीच ती."

नर्मदाबाईनं रेघ बघितली आणि मान डोलावली. नवऱ्याला रंगातलं कळतं, ह्यावर तिचा कुणाहीपेक्षा जास्त विश्वास होता. लाल रेघेच्या पट्ट्या त्यानं कागदात गुंडाळून आढ्याला खोचल्या, फवारणीची औषधं ठेवायचा तिथंच. दुसरी गोळी तिनं पाण्याबरोबर घेतली.

---

दोन दिवसांत पाय हलके झाले. तीच म्हणाली, "व्हय वो, आज ठनका कमी हाय." भुजंग दिवसभर बायांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत होता. सांबप्पाला त्यानं जाता जाता हात केला. "आप्पा, बराबर मनलात तुमी."

आठव्या दिवसापासून तहान लागायला लागली. तानुबाईच्या रानात ती घागरीपाशी पुन्हा पुन्हा जाऊ लागली. मग तुरीच्या आडोशाला. मग पुन्हा घागर. तोंड कोरडं, जीभ टाळूला चिकटलेली. बाया एकमेकींकडं बघत होत्या.

"पानी प्यायला आलाव का कापूस येचायला?" तानुबाई म्हणाली. "हिरीत सोडू का तुमाला?"

"लय सोकायलंय गं तोंड."

"आन् तुरीत किती येळा? पिकाला पानी द्यायलाव व्हय?"

बाया खदाखदा हसल्या. शांतम्मानं तेवढं "जाऊ द्या की, आजारी हाय ती" म्हटलं. नर्मदाबाई हसायचा प्रयत्न करत पातीला लागली. कान तापले होते. त्यानंतर दुपारपर्यंत ती पाण्याला गेलीच नाही. ओठाला भेगा पडल्या, तरी गेली नाही.

डोळ्यांपुढं कापूस धुरासारखा दिसायला लागला. तिला वाटलं, ऊन लागलं असेल.

अकराव्या दिवशी दुपारी कडूबाई एकदम ओरडली. "आगं बाई! कापसाला रगत!"

वेचलेल्या कापसाच्या ढिगावर, एका कडेला, लाल डाग होते. एक, दोन, पुढं मोठा ओला ठसा. तानुबाई धावत आली. "कुनाचं हाय? मालाचा सत्यानाश केला! कुनाच्या बोटाला लागलं?" बोंडाच्या नख्या टोचून बोटं फाटतात, हे रोजचंच. सगळ्या बायांनी हात पुढं केले. नर्मदाबाईनंही केले. हात कोरडे होते.

भुजंगचं लक्ष तिच्या पायाकडं गेलं. चप्पल बांधावर ठेवून ती ढिगावर उभी होती. डाव्या पायाच्या तळव्याखाली कापूस लाल होत चालला होता.

"नर्मदे, पाय उचल."

तिनं पाय उचलला. तळव्यात गेल्या सालच्या तुराटीचा खुंट बोटभर घुसून मोडलेला. भोवती माती आणि रक्त वाळलेलं. म्हणजे केव्हाचा होता कुणास ठाऊक.

"दुकत न्हाई?"

"न्हाई," नर्मदाबाई म्हणाली. तिनं स्वतःचा पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघितला. "काईच न्हाई वो. काईच कळालं न्हाई मला."

कुणीच हसलं नाही. वाऱ्यानं पऱ्हाट्या वाजत होत्या तेवढ्याच. भुजंगनं खुंट उपटला. तरी ती "आई गं" म्हणाली नाही.

---

गावातली आशा कार्यकर्ती राजेश्री चार वाजता साखर मोजायचं मशीन घेऊन आली. बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. आकडा बघून तिनं पुन्हा दुसऱ्या बोटाचा घेतला.

"काका, चारशे बारा हाय. गोळ्या चालू हायेत ना?"

"हायेत की. साखरेची रोज घेती. ती दुसरी, चरबीची, तेवढी बंद केलीय." मग मान खाली घालून म्हणाला, "पाय खाती मनून."

"बंद केलेली दाखवा बरं."

त्यानं आढ्याचा कागद काढला. राजेश्रीनं पट्टी हातात घेतली, मागची अक्षरं वाचली. मग डब्यातला तुकडा वाचला. तुकड्यावर अर्धंच नाव होतं, बाकीचं कात्रीनं गेलेलं. तिनं आपल्या पिशवीतून एक अख्खी पट्टी काढली. "ही माज्या आईची. चरबीचीच. बगा."

अख्ख्या पट्टीच्या डाव्या कडेला लाल रेघ होती. वरून खालपर्यंत.

"डॉक्टरच्या चिठ्ठीबिगर देऊ नका, एवढाच त्या रेघेचा अर्थ हाय. तुमच्या तुकड्याची कापून गेली. काका, तुमी बंद केली ती साखरेची. चरबीची रोज चालू व्हती."

भुजंगनं दोन्ही पट्ट्या शेजारी धरून पुन्हा बघितल्या. तीस वर्षांत एकदाही लाल त्यानं चुकीचा ओळखला नव्हता.

नर्मदाबाई भिंतीला टेकून बसली होती. पायाला फडकं. तिनंच विचारलं, "मंग राजेश्री, चरबीची चालूच व्हती तर माजे पाय हलके कसे झाले?"

राजेश्रीनं पट्टी खाली ठेवली. "ते मला न्हाई सांगता येत काकू. आमाला तेवढं शिकवलेलं न्हाई."

त्या अकरा दिवसांत ती मांस खाणारी गोळी रोज तिच्या पोटात जात होती, आणि पाय हलके होते. म्हणजे पाय गोळीनं दुखले नव्हते? की आधी गोळीनं दुखले आणि मग साखरेनं बधिर झाले? की नुसतं वाकून वाकून? भुजंगच्या डोक्यात गिरणी सुरू झाली. शंभर औषधं त्यानं हाताळली होती, आणि घरातली एक बारकी पांढरी गोळी काय करते, हे त्याला सांगता येत नव्हतं.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना. तीच रांग, तेच टेबल. डॉक्टरनं पाय बघितला, आकडा बघितला, आणि आवाज चढवला.

"मनानं गोळ्या बंद करता? पाय कापायची वेळ आली असती, कळतं का? शिकलेली नाहीत तर निदान सांगितलेलं तरी ऐका!"

भुजंग हात जोडून उभा राहिला. चूक त्याची होती, आणि सगळ्या रांगेनं ती ऐकली. नर्मदाबाईला सुई टोचली, जखम धुतली. धुताना ती एकदाच "स्स" म्हणाली. भुजंगला ते ऐकून रडू आलं. तिला दुखलं होतं.

डॉक्टरनं कागद लिहिला. "साखरेची दुप्पट. चरबीची तीच. पंधरा दिवसांनी या. चला, पुढचा."

भुजंग टेबलापुढच्या बाकावर बसला आणि उठला नाही.

"चला काका, गर्दी आहे."

"सायेब, चूक माजी झाली. मान्य. तुमी मारलं तरी मी काई मनायचो न्हाई." त्यानं दोन्ही पट्ट्या टेबलावर ठेवल्या. "आमी जे जहर रानात मारतो, त्याच्या बाटलीसंगं बी चिठ्ठी येती. किती मारायचं, कवा मारायचं, अंगावर पडलं तर काय करायचं, मराठीत आसतंय. अळीसाटी येवडं. ही तर बाई हाय."

"काका, मला एकशेवीस पेशंट आहेत."

"आसू द्या. मी न्हाई शिकलो, मनून तर इचारायलो. ही गोळी हिनं खायाची का न्हाई? चरबी बराबर आसताना कामून खायाची? हिच्या भावावानी हिचं काळीज मुक्यानं जाऊ नये मनून का? तसं आसंल तर तसं मना, मी सोता तिच्या तोंडात घालीन. आन् पाय दुकले तर ते गोळीनं का साखरेनं, हे कसं वळखायचं? त्याची तपासनी आसती का? आसंल तर करा. दुसरी गोळी आसती का, कमी करता येती का? उद्या पुन्ना ठनका लागला तर मी कुनाला इचारू? सांबप्पाला?"

डॉक्टरनं त्याच्या खांद्यावरून मागं बघितलं. "पुढचा कोण आहे?"

पुढचा एक म्हातारा होता, कुठल्यातरी दुसऱ्या गावचा, हातात तसेच कापलेले तुकडे. तो जागचा हलला नाही.

"मलाबी तीच गोळी हाय," म्हातारा म्हणाला. "आदी ह्यांचं सांगा."

त्याच्या मागची बाई हलली नाही. तिच्या मागचा माणूस हलला नाही. नर्मदाबाई पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून टेबलाकडं बघत राहिली. तिच्या ओठाला अजून भेगा होत्या.

भुजंग बसलेला आहे. ती बसलेली आहे. रांग उभी आहे. आता बोला. तिनं ती गोळी खायची की नाही, आणि का?